ती हाक गोड नव्हती : 'कॅलर हेरिन'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण दोन ओळी झाल्या आणि थांबले, कारण तुम्ही जे लिहिलंय त्याला घाईघाईत उत्तर देणं मला बरोबर वाटेना. आता निवांत लिहितेय. लांबणार आहे, पण सगळं एकदाच लिहून टाकते.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी 'कॅलर हेरिन' नावाच्या स्कॉटिश फिडलच्या (म्हणजे व्हायोलिनच्याच) ट्यूनबद्दल लिहिलं होतं. एडिनबराच्या रस्त्यांवर हेरिंग मासे विकणाऱ्या बायकांची हाक आणि चर्चच्या घंटा, या दोन आवाजांवरून ती बांधलीय. मी तिला 'पारंपरिक ट्यून' म्हटलं होतं आणि 'कष्टाचं गोड गाणं' असंही लिहिलं होतं. त्यावर दादांनी लिहिलं की ते कोळीवाड्यात वाढले, त्यांची आई पस्तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरली, दुपारपर्यंत तिचा घसा पार बसायचा, आणि ती हाक कुणाला गोड वाटल्याचं त्यांना आठवत नाही, उलट काही घरांच्या खिडक्या धाडकन बंद व्हायच्या. मग त्यांचे मुद्दे असे, की ट्यून करणारा शहरातला दुकानवाला संगीतकार होता तर ती पारंपरिक कशी, बायकांची हाक उचलून आपल्या नावावर छापली ही चोरी नाही तर काय, आणि शेवटचं वाक्य तर जसंच्या तसं देते : 'ज्यांनी पाटी उचलली नाही त्यांनाच तिचा आवाज संगीत वाटतो.'

हे वाक्य मी खूप वेळा वाचलं दादा. ते खरं आहे असं मला वाटतं. आणि ते खरं मानूनसुद्धा मला ती ट्यून सोडवत नाही, तर हे दोन्ही एकत्र कसं काय, तेच सांगायचा प्रयत्न करते.

पहिलं म्हणजे 'गोड' हा शब्द मी मागे घेते. तो माझा शब्द होता आणि चुकीचा होता. मी ज्या बायकांबद्दल लिहिलं त्या एडिनबराच्या उत्तरेला समुद्रकाठी असलेल्या न्यूहेवन गावच्या, आणि तिथून शहराचा मधला भाग तीनेक किलोमीटर, सगळा चढ. मी लीथमध्ये, म्हणजे एडिनबराच्या बंदराच्या भागात, चार वर्षं राहिले, न्यूहेवन तिथून चालत जाण्याइतकं जवळ, आणि तो चढ मी हातात काही नसताना चढलेय तरी दम लागतो. या बायकांच्या पाठीवर वेताची मोठी टोपली असायची, तिला तिकडे क्रील म्हणतात, आणि तिचा पट्टा कपाळावरून घेतलेला. आपल्याकडे चुंबळ करून वजन डोक्यावर घेतात, तिथे पाठीवर आणि कपाळावर, म्हणजे मान सतत पुढे ताणलेली. भरलेली क्रील सहज पन्नास किलोच्या घरात जायची. जवळच्या फिशररो नावाच्या गावातल्या कोळणींबद्दल १७९० च्या दशकातली एक नोंद आहे, तीनजणी पाठीवर प्रत्येकी २०० पौंड हेरिंग घेऊन डनबारपासून एडिनबरापर्यंत २७ मैल पाच तासांत आल्या म्हणून. २०० पौंड म्हणजे नव्वद किलो दादा. ज्या पाद्र्याने ते लिहून ठेवलं त्याला त्याचं कौतुक वाटलं होतं, मला आधी त्या बायकांचे गुडघे आठवतात.

आणि एवढं चालून आल्यावर हाक मारायची. जुन्या एडिनबरात सहा-सात मजली दगडी इमारती, गल्ल्या चिंचोळ्या, गिऱ्हाईक वर आणि विकणारी खाली. 'कॅलर' म्हणजे ताजं, आत्ताच पाण्यातून काढलेलं. हेरिंग आपल्या तारलीच्या कुळातला, तेलकट मासा, आणि तेलकट मासा किती पटकन उतरतो हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. म्हणजे त्या हाकेत 'ताजं' या शब्दावर जो जोर आहे तो माल खराब व्हायच्या आत विकून मोकळं व्हायच्या घाईचा जोर आहे. मी पोस्टमध्ये ही घाई कुठेच लिहिली नव्हती. ट्यूनचं कौतुक करताना मला ती दिसलीच नाही, तुमच्या प्रतिक्रियेनंतर दिसली.

आता चोरीबद्दल. ही ट्यून करणारा नॅथॅनिएल गौ (१७६३ ते १८३१) हा माणूस कोण होता हे नीट सांगायला हवं, मी मागच्या वेळी एका ओळीत उरकलं होतं. त्याचा बाप नील गौ, पर्थशरमधल्या इन्व्हर गावचा, स्कॉटलंडच्या फिडलवाल्यांमध्ये सगळ्यात नावाजलेला. हा नील मुळात विणकाम शिकलेला, माग सोडून फिडलवर आला, आणि त्याच्या वर जाणाऱ्या बोच्या (म्हणजे गजाच्या) जोरदार फटकाऱ्याबद्दल लोक तेव्हापासून बोलत आलेत. (मला नेहमी वाटतं की लहानपणी मागाचा ठेका ऐकलेल्या हाताला त्याचा काही उपयोग झाला असेल, पण हा माझा अंदाज, पुरावा काही नाही.) मुलगा मात्र शहरी. एडिनबरात शिकला, एकोणीस-वीस वर्षांचा असताना राजाच्या तुतारीवाल्यांपैकी एक झाला, मोठ्या लोकांच्या बॉलनाचांत त्याचा बँड वाजायचा, आणि १७९६ मध्ये भागीदारासोबत त्याने संगीताचं दुकान आणि प्रकाशन सुरू केलं. 'कॅलर हेरिन' त्यानंतर लगेचची, १७९८ च्या सुमाराची. तेव्हा तुमचं म्हणणं बरोबर, हा माणूस स्वर विकायचा आणि हाकही त्याने विकली.

त्यात भर म्हणून तुमच्याच बाजूची एक गोष्ट सांगते, कारण ती लपवली तर हे उत्तर खोटं होईल. गौ मंडळींवर दुसऱ्यांच्या ट्यून नाव बदलून छापल्याचा आरोप त्यांच्याच काळात झाला होता. विल्यम मार्शल नावाचा अप्रतिम ट्यून करणारा माणूस, ड्यूक ऑफ गॉर्डनकडे नोकरीला, घड्याळंही बनवायचा, त्याच्या कितीतरी ट्यून गौंच्या पुस्तकांत आल्या आणि त्याने त्याबद्दल तक्रारही केली होती. म्हणजे हाकेच्या बाबतीत गौ फार सोवळा असेल असं मी मुळीच म्हणणार नाही. पण एक फरक मला दिसतो. मार्शलचं नाव जसं गाळलं गेलं तसं या बायकांचं नाव मात्र गाळलं गेलं नाही. ही ट्यून न्यूहेवनच्या कोळणींच्या हाकेवरून केलीय हे गौने झाकलं नाही, शीर्षकच त्यांच्या हाकेतले शब्द आहेत. यातून पैशाचा हिशोब फिटत नाही, कबूल. त्या बायकांच्या हातात एक पेनी पडली असेल असं मला वाटत नाही. पण सव्वादोनशे वर्षांनी आपण दोघं त्या बायकांबद्दल बोलतोय, त्यांच्या क्रीलच्या पट्ट्याबद्दल बोलतोय, ते त्या शीर्षकामुळे.

माझ्या डोक्यात दोन दिवस जे फिरतंय ते आता लिहिते. तुमचं शेवटचं वाक्य फिडलच्या बाबतीत अगदी अक्षरशः खरं आहे, कारण फिडल वाजवायला दोन्ही हात मोकळे लागतात. ज्याच्या हातात काम आहे तो गाऊ शकतो, फिडल वाजवू शकत नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्या बघा, एक हात खुंट्याला, दुसरा दाणे घालायला, गळा तेवढा मोकळा, म्हणून ओवी गळ्यात आली. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटांवर बायका नवीन विणलेलं लोकरी कापड ओलं करून फळीभोवती बसून आपटायच्या, ते घट्ट व्हावं म्हणून, आणि आपटण्याच्या ठेक्यावर गेलिक गाणी म्हणायच्या. एकजण कडवं म्हणणार, बाकीच्या धरणार. तीही पूर्णपणे करणाऱ्यांची गाणी, आणि त्यांच्यात वाद्य नाही, असूच शकत नाही.

म्हणजे कामाच्या आवाजावरून केलेली कुठलीही फिडलची ट्यून ही त्या क्षणी काम न करणाऱ्याने ऐकलेली असते. तो दिवसा दुसरं काम करत असेलही, शेटलंडचे खलाशी व्हेल मारायला ग्रीनलंडकडे जाताना जहाजावर फिडल घेऊन जायचे, दिवसभर राबून रात्री वाजवायचे. पण वाजवताना हात रिकामे. मी 'कष्टाचं गाणं' म्हटलं ते इथे चुकलं. ओवी हे कष्टाचं गाणं. 'कॅलर हेरिन' हे रस्त्यावरचे कष्ट कानावर आलेल्या माणसाचं गाणं. दोन्ही एका माळेत ओवायला नको होती मी.

पण मग ऐकणाऱ्याच्या ऐकण्याला काहीच किंमत नाही का? इथे मी तुमच्यापासून थोडी वेगळी होते दादा.

बहुतेक लोक ती हाक ऐकून काय करत होते ते तुम्हीच लिहिलंय, खिडक्या बंद करत होते. गौ खिडकी बंद करणाऱ्यांच्याच वर्तुळात वावरायचा, त्यांच्याच नाचांना वाजवायचा, आणि त्याने खिडकी उघडी ठेवली. एवढंच नाही, त्याने हाक वेगळी काढून, धुऊनपुसून, सुंदर करून मांडली नाही. जॉर्ज स्ट्रीटवर सेंट अँड्र्यूज चर्च आहे, न्यू टाऊन हा शहराचा नवा भाग वसत असताना बांधलेलं, १७८४ साली उघडलं, आणि त्याच्या मनोऱ्यात थोड्याच वर्षांत लंडनहून ओतून आणलेल्या आठ घंटा चढल्या. शहरातल्या सगळ्यात देखण्या रस्त्यावरच्या त्या नव्याकोऱ्या घंटा आणि उतरता माल विकायची घाई असलेली बाई, दोन्ही एकाच वेळी कानावर आले आणि त्याने दोन्ही एकाच ट्यूनमध्ये ठेवले, एकमेकांत मिसळलेले. घंटा वर आणि बाई खाली असं काही केलं नाही. मला ही गोष्ट मोठी वाटते. त्याने ती न्यायबुद्धीने केली असेल असं मी म्हणत नाही, कानाने केली. पण कान खरा होता.

मी हे वाजवायला शिकले ते लीथमधल्या संध्याकाळच्या एका क्लासमध्ये. त्याआधी पुण्यात नऊ वर्षं मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून हिंदुस्थानी शिकलेली, त्यामुळे मला प्रत्येक सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सवय. पहिल्यांदा मी 'कॅलर हेरिन' वाजवली ती संथ, मींड घेत, डोळे मिटून. शिकवणाऱ्या बाई, साठीच्या पुढच्या, सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या की तू अंगाई वाजवतेयस, ही बाई रस्त्यावर उभी आहे आणि गिऱ्हाईक चौथ्या मजल्यावर आहे. मग त्यांनी मला ती ओळ आधी ओरडायला लावली. खरंच ओरडायला. एका छोट्या हॉलमध्ये अकरा माणसांसमोर मी 'कॅलर हेरिन' असं ओरडले आणि मग वाजवलं, तेव्हा कळलं की बो किती लागते. लांब सुराला सबंध बो खर्ची पडते आणि पुढच्या सुराला उरत नाही, जसा श्वास उरत नाही. पुढे सूर एकामागे एक खाली उतरत येतात तिथे मला घंटा ऐकू येतात, आणि त्यानंतर परत हाक आली की दर वेळी वाटतं ही बाई अजून इथेच आहे, हिचं अजून विकलं गेलेलं नाही.

हे मला तेव्हा जाणवलं होतं आणि तरी पोस्ट लिहिताना मी 'गोड' लिहिलं. हे आता वाचताना मला खूप लागतं.

शब्दांबद्दल मी मागच्या वेळी काहीच लिहिलं नव्हतं, ते राहून गेलं, आणि तुमच्या मुद्द्याला सगळ्यात थेट उत्तर तिथेच आहे. गौच्या ट्यूनला नंतर, १८२० च्या दशकाच्या सुरुवातीच्या आसपास, लेडी नेर्नने, म्हणजे कॅरोलिना ऑलिफंटने, स्कॉट्स बोलीत शब्द लिहिले. ही बाई खानदानी, आणि गाणी लिहिते हे घरात नवऱ्यालाही कळू न देता 'मिसेस बोगन ऑफ बोगन' अशा खोट्या नावाने छापायची. म्हणजे हिनेही पाटी उचललेली नाही. पण तिने गाणं विकणाऱ्या बाईच्या तोंडी घातलं, आणि ती बाई काय म्हणते बघा. तुम्ही उशीवर डोकं ठेवून झोपला होतात तेव्हा आमची माणसं अंधारात लाटांशी झुंजत होती, या वेताच्या टोपल्या भरायला, त्यांची स्वप्नात तरी आठवण आली का? आणि टोपली जवळून गेली की रेशमातल्या बायका आपले झगे आवरून घेतात, मान उडवतात, तोंडं वाकडी करतात. तुमच्या बंद होणाऱ्या खिडक्या, दादा. दोनशे वर्षांपूर्वी, दुसऱ्या देशात, त्याच. आणि मग ती ओळ जी वाजवताना माझ्या मनात कायम असते : तुम्ही याला हलकं खाणं म्हणाल, पण आशा सोडलेल्या बायका आणि आया याला माणसांचे जीव म्हणतात.

ट्यूनमध्ये जे नव्हतं, म्हणजे वजन, रात्र, बोटीवर गेलेली माणसं, ते शब्दांनी आणलं. तेव्हा मी नुसत्या ट्यूनवर लिहून शब्द गाळले ती अर्धवट गोष्ट झाली.

यानंतर मात्र ही ट्यून कुणाच्या मालकीची राहिली नाही. नॅथॅनिएल गौचं पुढे धंद्यात वाईट झालं, १८२७ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. ट्यून इंग्लंडमधल्या दिवाणखान्यांतल्या पियानोंवर गेली, तिथे तिचं फारच नाजूक काहीतरी झालं, ते मला आवडत नाही. न्यूहेवनच्या बायकांचे १८४० च्या दशकात हिल आणि अ‍ॅडमसन या जोडीने फोटो काढले, फोटोग्राफीच्या अगदी पहिल्या काळातले, पट्ट्यापट्ट्यांचे घागरे, बाजूला क्रील. एलिझाबेथ जॉनस्टोन हॉल नावाच्या एकीचा फोटो तर जगभर माहीत आहे, नजर खाली, हातात टोपली. त्या फोटोंसाठी फार वेळ न हलता उभं राहावं लागायचं, म्हणून सगळ्यांची तोंडं मिटलेली. जन्मभर ओरडून विकलेल्या बायका आणि तोंड मिटून उभ्या. मी ते फोटो एडिनबरात प्रत्यक्ष बघितले तेव्हा हेच मनात आलं की यांचा आवाज ट्यूनमध्ये आणि चेहरा इथे, आणि दोन्ही दुसऱ्यांनी टिपलेलं.

पण पुढे न्यूहेवनच्या कोळणींचा गायनाचा संघ निघाला, फिशरविमेन्स क्वायर, आपले पट्ट्यांचे घागरे घालून त्या मंचावर उभ्या राहायच्या, आणि त्यांच्या गाण्यांत 'कॅलर हेरिन' होतं. ज्यांच्या आज्या-पणज्यांची हाक उचलली गेली होती त्यांनीच ते उभं राहून म्हटलं, आणि अनेक वर्षं म्हटलं. त्या काळात न्यूहेवनच्या बायका क्रील घेऊन विकायलाही जात होत्या, त्यांच्यातली पाठीवर क्रील घेऊन फिरणारी शेवटची बाई १९७० च्या दशकात थांबली.

तर 'पारंपरिक' या शब्दाबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. कर्ता माहीत असलेली ट्यून काटेकोरपणे पारंपरिक नाही, हे तुमचं बरोबर आणि मी पोस्टमध्ये तो शब्द काढून 'नॅथॅनिएल गौची, १७९८ च्या सुमाराची' असं केलंय. तरी क्लासमध्ये मला ती कागदावरून मिळाली नाही, कानावरून मिळाली, बाईंना त्यांच्या काकांकडून मिळाली होती, आणि त्या जिथे सूर तोडतात तिथे छापील आवृत्तीत सूर तोडलेला नाही. एखादी गोष्ट कुणी केली त्यावर ती कुठून आली ते ठरतं. ती पुढे कुणाकुणाच्या हातून गेली आणि कुणी ती परत आपली म्हणून घेतली त्यालाही काहीतरी नाव हवं, आणि मला अजून 'परंपरा' याहून बरा शब्द सापडलेला नाही. तुम्हाला सुचला तर सांगा, मी खरंच बदलेन.

'गोड' काढलाय. 'कष्टाचं गाणं'सुद्धा काढलंय. शब्दांवरचा भाग पोस्टमध्ये वाढवलाय आणि तुमची प्रतिक्रिया वर लावून ठेवलीय, म्हणजे पोस्ट वाचणाऱ्याला ती आधी दिसेल.

एक विचारायचं आहे, आणि नको वाटलं तर अजिबात सांगू नका. गौच्या ट्यूनमध्ये हाक ज्या सुरावर लांबते तिथे मी सगळी बो घालते, ते मला शिकवलं म्हणून. तुमची आई कशावर लांबवायची? माशाच्या नावावर, 'ताजं'वर, की घरातल्या माणसाला हाक मारायची तिथे? आणि घसा बसल्यावर दुपारनंतरची हाक कशी व्हायची, आखूड की खालच्या सुरात? हे कुठे छापण्यासाठी विचारत नाहीये दादा, तुम्ही सांगितल्याशिवाय कुठेही लिहिणार नाही.